शिदोरी आणि बिऱ्हाड

परदेशी राहावयास निघालेल्या माणसाच्या घरात शेवटच्या आठवड्यात एक यादी तयार होते. तिच्यात एकाचेच अक्षर नसते. जाणाऱ्याने कागदपत्रे, औषधे, लोकरी कपडे असे काही लिहिलेले असते. आईने त्याखाली गोडा मसाला, मेतकूट, हिंग, कुळथाचे पीठ अशी भर घातलेली असते. काकूने येता-जाता ‘सोऱ्या?’ असे प्रश्नचिन्हासह सुचविलेले असते. संशोधनासाठी दोन-तीन वर्षे सोलला जाणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याच्या घरात, मग ते घर नागपुरात असो, इंदुरात असो की बडोद्यात, ही यादी आज थोड्याफार फरकाने अशीच असते. विमान कंपन्या बहुधा तेवीस किलोंची एक किंवा दोन ओझी नेऊ देतात, आणि यादीला तेवढ्याने पुरत नाही. तेव्हा काहीतरी काढावे लागते. काय काढावे हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा आहे. परंतु वजनकाट्यावर बॅग ठेवून एकेक वस्तू बाहेर काढू लागले, की घरातल्या माणसांचे चेहरे बदलू लागतात, आणि व्यवहाराच्या आड दुसरेच काही उभे आहे हे ध्यानात येते.

प्रवासाला न्यावयाच्या गोष्टींसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत, आणि नीतीच्या दृष्टीने त्यांच्यात बरेच अंतर आहे. एक शिदोरी, दुसरा बिऱ्हाड. शिदोरी संपण्यासाठीच बांधलेली असते. ती वाटेपुरती पुरते. पुढे माणसाला, जेथे पोचला तेथल्या चुलीचा आश्रय करावा लागतो. बिऱ्हाडाचे तसे नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे भाषा म्हणते, त्यात थोडी कीव आहे आणि थोडे भयही आहे. ज्याच्यापाशी अख्खे बिऱ्हाड असते त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही, आणि जो कोणाच्या दारी जात नाही त्याच्याविषयी गाव साशंक असतो. कोरियाला निघालेल्याच्या बॅगेत या दोहोंपैकी नेमके काय भरले जात आहे, हे भरणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते.

सर्वसाधारण शहाणपण सांगते, की जे तेथे मिळत नाही ते न्यावे. हा नियम एके काळी पुरेसा होता. आज तो फारसा उपयोगाचा राहिलेला नाही. सोलमधील इतेवॉन भागात, १९७६ मध्ये उघडलेल्या मोठ्या मशिदीच्या परिसरात, परदेशी किराणा मालाची दुकाने आहेत. तेथे तूरडाळ मिळते, कणीक मिळते, जिरे-मोहरी मिळते. वीज तेथेही २२० व्होल्टची. आपल्या तीन दांड्यांच्या प्लगसाठी एक अडॅप्टर नेला की भागते. उलट ज्या गोष्टी खरोखरच तेथे मिळत नाहीत, त्यांपैकी काही नेता येत नाहीत. ताजी फळे, बियाणे, मांसाचे पदार्थ यांवर इंचॉनच्या विमानतळावर कडक नजर असते, आणि प्रमाणपत्रावाचून आणलेला हापूस तेथेच ठेवून पुढे जावे लागते. म्हणजे नेण्याजोगे जे आहे त्यातले पुष्कळसे तेथे मिळते, आणि जे मिळत नाही त्यातले काही नेण्याजोगे नाही. तर्काने पाहिल्यास बॅग अर्धी रिकामी राहावयास हवी. ती कधीच राहत नाही.

याचे कारण असे, की बॅग जाणारा एकटा भरत नसतो. ‘तिथे सगळे मिळते’ हे वाक्य मुलगा आईच्या सोयीसाठीच उच्चारतो. पण तिच्या कानांना ते ‘आता तुझी गरज नाही’ असे ऐकू येते. दिलेल्या वस्तूचा उपयोग घेणाऱ्याला किती होईल, एवढ्यावर देण्याची किंमत ठरवावयाची म्हटली तर मेतकुटाची पुडी निरर्थक ठरते. परंतु देण्यात देणाऱ्याचीही एक गरज असते, आणि त्या गरजेचाही काही हक्क असतो. निघणारा माणूस आपल्या मागे एक रिकामी जागा ठेवून जातो. ती जागा सोसणाऱ्यांनी त्याच्या हातावर काही ठेवण्याचा आग्रह धरला तर त्याला केवळ भाबडेपणा म्हणून चालणार नाही. सासरी निघालेल्या मुलीच्या ओटीत नारळ-तांदूळ घालतात तेव्हा सासरी तांदूळ नसेल अशी कोणाची समजूत नसते.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. भारतीय परंपरेने ओझे कमी असणाऱ्या प्रवाशालाच श्रेष्ठ मानले. बौद्ध भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, एक पात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे साधन एवढ्याच वस्तू येतात. कोरियातील पेक्चे राज्यात ३८४ मध्ये मारानंत नावाच्या भिक्षूने बौद्ध धर्म नेला, आणि तो मूळचा भारतीय असल्याचे कोरियन परंपरा मानते. त्याच्यापाशी याहून फारसे काही असेल असे वाटत नाही. उलट दिशेने, आठव्या शतकात हेचो हा कोरियन भिक्षू भारतभर हिंडला. त्याच्या प्रवासवृत्ताची खंडित प्रत १९०८ मध्ये दुन्हुआंगच्या गुहेत सापडली आणि आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या वृत्तात मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या कविताही आहेत. अपरिग्रहाचे व्रत घेतलेला माणूसही घर बरोबर नेत होता, एवढे त्यावरून दिसते. हेचो पुन्हा कोरियाला पोचला नाही. त्याचा अंत चीनमध्ये झाला.

गृहस्थाला भिक्षूचा नियम लावता येत नाही. त्याच्यासाठी अधिक बोलकी अशी एक कथा कोरियातच आहे, आणि ती नेमकी भारतातून कोरियाला सामान नेण्याचीच कथा आहे. इल्योन या भिक्षूने तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात आयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या हो ह्वांग-ओक हिचे वृत्त येते. इ. स. ४८ मध्ये ती नावेने आली आणि काया राज्याचा राजा सुरो याच्याशी तिचा विवाह झाला. आयुता म्हणजे अयोध्या असे पुष्कळ जण मानतात. २००१ पासून अयोध्येत तिचे स्मारक आहे आणि २०१९ मध्ये भारताने तिच्यावर टपाल तिकीटही काढले. इतिहासकारांचे यावर एकमत नाही, आणि घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेल्या वृत्तावर इतिहासाचा भार किती टाकावा हा प्रश्न योग्यच आहे. परंतु कथा म्हणून तिच्यातले दोन तपशील विलक्षण आहेत, आणि ते दोन्ही सामानाविषयीचे आहेत.

राजकन्या पहिल्यांदा निघाली तेव्हा समुद्र खवळला आणि तिला परत फिरावे लागले. तेव्हा पित्याने नावेत एक दगडी स्तूप चढविण्यास सांगितले. त्या भारानिशी नाव सुखरूप पार झाली. हा ‘पासा’ स्तूप गिम्हे येथे राणीच्या समाधीपाशी आजही दाखविला जातो. त्याचा दगड किंचित लालसर, ठिपक्याठिपक्यांचा आहे आणि तो या भूमीतला नव्हे, असे खुद्द ग्रंथच नमूद करतो. त्या स्तूपाचा कोरियात काय उपयोग होता? काही नाही. तेथे दगडांची वाण नव्हती. तो पोचल्यावर कामी यावा म्हणून नेलेला नव्हता. पोचता यावे म्हणून नेलेला होता. नावाड्यांना ठाऊक असते, की रिकामी नाव भरलेल्या नावेपेक्षा लवकर उलटते, आणि म्हणून तळाशी निरुपयोगी वजन घालावे लागते. माणसाच्या बाबतीत हे विसरले जाते. ज्या वस्तूंना तेथे कसलाच उपयोग नाही, त्याच कधीकधी ओलांडण्याच्या काळात माणसाला सरळ ठेवतात. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ, शाळेतली एखादी वही, देव्हाऱ्यातला एखादा टाक. व्यवहारी माणूस बॅगेतून पहिल्यांदा याच वस्तू काढतो, आणि व्यवहाराच्याच दृष्टीने तो बहुधा चुकत असतो.

दुसरा तपशील किनाऱ्यावरचा आहे. राजकन्येने रेशीम, सोने, रत्ने असे पुष्कळ काही आणले होते. परंतु भूमीवर उतरताच तिने प्रथम आपल्या अंगातली रेशमी विजार उतरवून तेथल्या पर्वतदेवतेला अर्पण केली. पेटीतले रत्न तिने काढून दिले नाही. अंगावरचे, म्हणजे सवयीचे, वस्त्र दिले. नव्या भूमीला काय द्यावे याविषयी इतके स्पष्ट चित्र क्वचितच आढळते. भार तिने टाकला नाही, पण सवय सोडली. आजचा प्रवासी याच्या नेमके उलट करतो. निरुपयोगी म्हणून जुने, जड असे काही घरी ठेवतो आणि रोजच्या सवयींचा संपूर्ण संच बरोबर नेतो. विशिष्ट चहा, विशिष्ट साबण, विशिष्ट फरसाण यांनी बॅग भरते, आणि मग वर्षभर त्याला कोरियन शेजाऱ्याकडे काहीही मागावे लागत नाही. तो सोलमध्ये राहतो, आणि राहत नाहीही.

घर सोडताना काय बांधावे याची जाण कोरियन लोकांनाही पुरेपूर आहे. कापडात बांधलेल्या बोचक्याला तेथे बोत्तारी म्हणतात, आणि ‘बोत्तारी बांधणे’ याचा लाक्षणिक अर्थ आपल्या ‘गाशा गुंडाळणे’ याच्या अगदी जवळचा आहे. तेगू येथे १९५७ मध्ये जन्मलेल्या किमसूजा या कलावतीने १९९७ मध्ये अशा रंगीत बोचक्यांनी भरलेल्या ट्रकवर बसून अकरा दिवस देशभर प्रवास केला आणि त्याचे चित्रीकरण केले. तिच्या गाठोड्यांत वापरलेल्या पलंगपोसांचे आणि जुन्या कपड्यांचे कापड असते. (याच किमसूजाने पुढे २००० मध्ये यमुनेच्या काठी पाठमोरे उभे राहून एक चित्रफीत केली, वाहत्या पाण्यासमोर हात रिकामे ठेवून उभी असलेली ही बाई आणि बोचक्यांवर बसलेली ती बाई यांना एकत्र पाहिले पाहिजे.) कोरियन घरांतल्या स्त्रिया उरलेल्या चिंध्या जोडून बांधणीची वस्त्रे शिवत, त्यांना जोगाकबो म्हणतात. मराठी घरातल्या गोधडीशी त्यांचे नाते सांगावयास कोणा अभ्यासकाची गरज नाही.

गोधडीचा प्रश्न येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण ती बहुतेक याद्यांत असते आणि बहुतेक वेळा काढली जाते. जानेवारीत सोलचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, कधी उणे दहाच्याही खाली. आईला वाटते, थंडीत उपयोगी पडेल. प्रत्यक्षात कोरियन घरात ओन्दोल असते. जमिनीखालून ऊब खेळविण्याची ही जुनी पद्धत. पूर्वी चुलीचा धूर फरशीखालून फिरवीत, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. बाहेर बर्फ असताना आत माणसे अनवाणी वावरतात. म्हणजे उबेसाठी गोधडी नको. परंतु जमिनीवर अंथरूण घालून निजण्याची रीत तेथे जुनी आहे, आणि नऊवारी लुगड्यांची शिवलेली गोधडी त्या उबदार जमिनीवर जितकी सहज पसरते तितकी ती पलंगावरही पसरत नाही. जी वस्तू चुकीच्या कारणासाठी नेली ती तेथे बरोबर जागा शोधते, असे पुष्कळदा घडते. उपयोगाचा हिशेब आधी करणे किती अपुरे आहे, याचे हे एक साधे उदाहरण.

खाण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्याला वास असतो. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडली की दारे बंद होतात, आणि फोडणी घालणाऱ्याला एकाच वेळी राग आणि लाज वाटते. या दोन्ही भावना कोरियन माणसाच्या परिचयाच्या आहेत. जपानमध्ये राहिलेल्या कोरियनांना लसणाच्या आणि किमचीच्या वासावरून पिढ्यान्‌पिढ्या हिणविले गेले. व्हिएतनाम युद्धात लढणाऱ्या आपल्या सैनिकांना डबाबंद किमची मिळावी यासाठी दक्षिण कोरियाच्या सरकारने खटपट केली. एप्रिल २००८ मध्ये यी सो-योन ही पहिली कोरियन अंतराळवीर गेली तेव्हा तिच्याबरोबरही किमची गेली. त्यासाठी शास्त्रज्ञांना किरणांच्या प्रक्रियेने त्यातले सगळे जीवाणू मारावे लागले. येथे एक अडचण उभी राहते. किमची ही आंबण्याच्या क्रियेतूनच होते. ती जिवंत असते म्हणूनच ती किमची. सुरक्षितपणे नेता यावी म्हणून तिच्यातला जीव काढला, तर नेले ते काय? निर्यातीसाठी हवाबंद केलेली आमटी कोमट पाण्यात ढवळणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही हाच प्रश्न पडावयास हवा.

याच्या अगदी समोर ठेवावी अशी एक घटना आहे. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील सुमारे एक लाख सत्तर हजार कोरियनांना मालगाड्यांत घालून मध्य आशियात नेऊन टाकले. त्यांना यादी करण्यास अवधी नव्हता. कझाकस्तानात आणि उझबेकिस्तानात त्यांना किमचीचा कोबी मिळेना. गाजरे मिळत होती. त्यांनी गाजराचे बारीक लांब काप करून त्यांना मीठ, तिखट, लसूण आणि तेथलीच धने लावली. हा पदार्थ पुढे सबंध सोव्हिएत प्रदेशात ‘कोरियन गाजर’ म्हणून पसरला. खुद्द कोरियात तो कोणाला ठाऊक नव्हता. वस्तू सगळी गेली होती, हाताची रीत राहिली होती. म्हणून मसाल्याची पुडी न्यावी की मसाला कुटण्याची कृती न्यावी, असे विचारले तर उत्तर उघड वाटते. मात्र या उदाहरणाचा वापर जपूनच केला पाहिजे. ज्यांच्या हातून सर्व काही हिसकावून घेतले गेले, त्यांच्या कल्पकतेवरून सुस्थितीतल्या प्रवाशाने अपरिग्रहाचा पाठ घ्यावा, यात एक प्रकारचा उद्धटपणा आहे. कमी नेण्याचा आनंद त्यालाच असतो ज्याला अधिक नेता आले असते.

भारतीयांचा कोरियाशी आलेला सर्वांत मोठा संबंध या दृष्टीने फार उद्‌बोधक आहे, आणि तो आता विस्मरणात चालला आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची साठावी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी तेथे पोचली. काही दिवसांतच प्याँगयांगहून माघारीचा हुकूम आला. वाहने नव्हती, औषधे आणि शस्त्रक्रियेचे सामान टाकून निघावे लागणार होते. तुकडीने ते टाकले नाही. एक जुने आगगाडीचे इंजिन शोधून, जवानांनी स्वतः पाणी-कोळसा भरून ते चालू केले आणि सारे सामान सोलकडे आणले. त्या सामानातले जवळपास काहीच त्यांच्या स्वतःसाठी नव्हते. दुसऱ्यांसाठी वाहिलेल्या ओझ्याला वजनाचा निकष लावता येत नाही. तेथे शिदोरी आणि बिऱ्हाड हे दोन्ही शब्द तोकडे पडतात.

१९५३ मध्ये, तहानंतर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय रक्षक दलाकडे आला. त्याचे प्रमुख मूळचे कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात होते. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला, म्हणून त्यांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. यजमानाने पाऊलही टेकू न दिलेल्या या पाहुण्यांनी आपल्या छावणीचे नाव ‘हिंदनगर’ ठेवले. ते नाव हेच त्यांचे बिऱ्हाड होते. ज्या कैद्यांना ते सांभाळीत होते त्यांच्यापैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी, शहात्तर कोरियन आणि बारा चिनी, उत्तर-दक्षिण दोन्हीकडे पाठ फिरविली आणि तिसऱ्याच देशात जाण्याचे ठरविले. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते भारतीय सैन्याबरोबर जहाजाने मद्रासला आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील, अर्जेंटिना येथे गेले. काही थोडे भारतातच राहिले. घरून काय न्यावे हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, कारण घर कोणते हाच त्यांचा प्रश्न होता. चोई इन-हुन यांच्या १९६० च्या ‘चौक’ या कादंबरीचा नायक अशाच एका जहाजावर असतो. कादंबरीकाराने त्या जहाजाला ‘टागोर’ हे नाव दिले आहे, आणि नायक त्यावरून कोठेच पोचत नाही. तो समुद्रात नाहीसा होतो. त्याच्या नावेच्या तळाशी कसलाही भार नव्हता, असे राणीच्या कथेच्या भाषेत म्हणता येईल.

कोरियन किमजांगचा, म्हणजे हिवाळ्याआधी किमची घालण्याच्या प्रथेचा, समावेश युनेस्कोने २०१३ मध्ये मानवी वारशाच्या यादीत केला, तेव्हा नोंदीत करणे आणि वाटणे हे दोन्ही शब्द होते. शेजारणी एकत्र बसून ती घालतात आणि वाटून नेतात. या देशात जाणाऱ्याने लोणच्याची बरणी नेताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, की एकट्याने पुरवून पुरवून खाल्लेले लोणचे वर्षभर टिकते, आणि शेजारच्या दारी नेलेले पंधरा दिवसांत संपते. दुसऱ्या प्रकारात बरणी रिकामी परत येण्याची शक्यता मात्र फार कमी.

हेच दृश्य उलट बाजूनेही घडत असते. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा एक मोटारींचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. पुण्यात येणाऱ्या कोरियन अभियंत्यांच्या घरीही अशीच यादी होत असणार. सुके समुद्रशेवाळ, गोचुजांगचे डबे, तांदूळ शिजविण्याचे यंत्र. आणि तेथेही कोणीतरी म्हणत असणार, की तिथे सगळे मिळते.

इकडच्या घरात रात्री उशिरा बॅग पुन्हा काट्यावर चढते. गोधडी एकदा काढली गेली आहे, एकदा परत ठेवली गेली आहे. मुलगा दोन किलो फरसाण आणि साबणाच्या वड्या काढून बाजूला ठेवतो. आई काही बोलत नाही. ती गोधडीची घडी उलगडून नव्याने घालते, आणि घडीच्या आत मेतकुटाची पाव किलोची पुडी सरकविते. मुलगा ते पाहतो. काटा तेवीस किलो चारशे ग्रॅम दाखवितो, आणि दोघेही बॅगेची चेन लावायला वाकतात.